उघाडीवरची जास्तीची फळी

शाबुओथ सणाच्या आदल्या दिवशी दलदलीच्या उघाडीवर जास्तीची फळी मी टाकली होती.

हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, मुलीपुढे नाही. योम किप्पूरला, म्हणजे पापं कबूल करायच्या उपासाच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये सगळ्यांबरोबर छातीवर मूठ मारतानासुद्धा ते मनातल्या मनात गाळून मी पुढच्या ओळीवर गेलो आहे. आता या अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला. "सॅमसनभाऊ, एवढी वर्षं पाण्याच्या कामात काढलीत, वाचकांना चार गमती सांगा की." मी हो म्हटलं आणि गमतीच लिहायला बसलो. लिहिलेलं फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. कुठूनही सुरुवात केली तरी ही फळी आडवी येते. तेव्हा आधी ती सांगतो. म्हणजे गमतीही सांगता येतील, कारण गमती पुष्कळ आहेत आणि मी काही दुःखी माणूस नाही.

आमचं पंपिंग स्टेशन हैफाच्या उत्तरेला, समुद्राजवळच्या सपाट प्रदेशात आहे. डोंगराच्या पायथ्याशी खडकातून झरे फुटतात. त्यांचं पाणी एका तळ्यात साठतं, पंप ते उचलतात आणि नळांतून शेतांना, गावांना, मासे पाळायच्या तलावांना धाडतात. जे उरतं ते खालच्या दलदलीत जातं आणि तिथून ओढ्यानं समुद्राला मिळतं. दलदल जिथे संपते आणि ओढा सुरू होतो तिथे काँक्रीटच्या दोन भिंती आहेत. भिंतींना समोरासमोर खाचा आहेत, त्या खाचांत आडव्या लाकडी फळ्या बसतात. फळी टाकली की मागचं पाणी तेवढं चढतं, काढली की उतरतं. इथले लोक तिला काय म्हणतात ते मी पहिल्या दिवशी शिकलो, पण मनात मी तिला उघाडीच म्हणत आलो. आमच्या गावच्या खारजमिनीच्या बांधाला असं दार असे, त्याला उघाडी म्हणत.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, आमचं गाव रेवदंड्याच्या बाजूचं. वडिलांचा तेलाचा घाणा होता आणि खाडीच्या बांधाआड भाताचा एक तुकडा होता. शनिवारी घाणा बंद. शुक्रवारी दुपार कलली की आई आणि माझ्या बहिणी विहिरीवर खेपा घालायच्या. हंडे, कळशा, घागरी, शेवटी चहाचं भांडंसुद्धा भरून ठेवायचं. शब्बाथला पाणी ओढायचं नाही, आणि सकाळभर सगळे सिनेगॉगमध्ये. "आपण नसताना घर तहानलेलं राहू नये," आई म्हणायची. हे लक्षात असू द्या. पुढे लागेल.

मुंबईत मी एका गिरणीत बॉयलर फिटर होतो. इस्राएलात आल्यावर आम्हाला आधी दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला, नेतिवोतला पाठवलं. तिथे तेव्हा धूळ होती आणि धुळीत घरं होती. बायको, मिल्का, दारात उभी राहून म्हणाली, "अहो, इथे केस विंचरले तर कंगव्यात शेत निघतंय." पुढे कामगार कचेरीतल्या माणसानं मला विचारलं, "पाण्याचं काम येतं?" बॉयलरमध्येही पाणीच असतं, तेव्हा मी येतं म्हटलं. त्यानं माझं नाव सॅमसनचं शिमशोन केलं, बायबलातला तो पहिलवान आठवून माझ्या काटकुळ्या दंडांकडे बघून हसला आणि मला उत्तरेला धाडलं.

पाणी सोडायचं काम दिसायला सोपं आहे. चाक फिरवा, पाणी जातं. अडचण गिऱ्हाइकांची. शेतवाले पहाटेपासून फोन करत. मत्स्यतलावांचा एक मॅनेजर होता, मोठ्या मिशांचा. त्याला पाणी कमी पडलं की तो मेलेला मासा वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या टेबलावर आणून ठेवायचा आणि एक शब्द न बोलता निघून जायचा. मासा मुद्दाम उन्हात ठेवून आणतो असा आम्हाला संशय होता. जवळच्या वस्तीतल्या एका रुमानियन बाई होत्या. त्या बेडकांची तक्रार घेऊन यायच्या. बेडूक ओरडतात, झोप लागत नाही, तेव्हा पाणी बंद करा. मी म्हटलं, "बाई, बेडूक माझ्या हाताखाली काम करत नाहीत." त्या म्हणाल्या, "पण पाणी तर तूच देतोस ना त्यांना?" खरंच मीच देत होतो.

सगळ्यांत विचित्र गिऱ्हाईक दलदल. ती फोन करत नाही, मासा आणून ठेवत नाही. मी कामाला लागलो तेव्हा दलदल हा शब्द लोक शिवीसारखा वापरत. दलदल म्हणजे डास, हिवताप. जुन्या लोकांनी मरमरून सुकवलेली गोष्ट. आमचे इंजिनिअर साहेब ओढ्याकडे बघून हळहळायचे. "शिमशोन, हे बघ. समुद्रात चाललंय. सगळं वाया." मग पंप वाढले, उरणारं पाणी घटलं आणि उन्हाळ्यात ओढा गटारासारखा वास मारायला लागला. मासे पोट वर करून तरंगले. आणि त्याच सुमारास दलदलीचा उरलासुरला भाग राखीव ठरला, तिथे एक रक्षक नेमला गेला आणि वरच्या साहेबांची आपसांत बरीच खडाजंगी होऊन असं ठरलं की झऱ्याच्या पाण्यातला काही वाटा बारा महिने दलदलीचा. तो वाटा पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी तिथे चिखलात उतरायला तयार नव्हतं. मी चिखलातच वाढलेला.

रक्षकाचं नाव गिडोन, सगळे गिडी म्हणत. किबुत्झचा, म्हणजे सामायिक शेतीच्या वस्तीतला मुलगा, हिवाळ्यातही अर्ध्या चड्डीत. मोठ्यानं बोलायचा, रागावला की त्याहून मोठ्यानं. पण पाण्याचं त्याला कळत होतं, आणि मला नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

मला वाटायचं, दलदलीला वाटा मिळाला ना, मग रोज सारखा द्यावा, भांडं भरलेलं ठेवावं. गिडीनं डोक्याला हात लावला.

"शिमशोन, तू तिला आजारी माणसासारखं चमच्यानं पाजू नकोस. हिवाळ्यात ओत, काठावरून जाऊ दे. ओढ्यातला गाळ धुऊन जायला हवा. पेसाखनंतर, वसंतात, उतरव, रोज थोडं थोडं. उन्हाळ्यात जीव राहील एवढंच."

"म्हणजे उन्हाळ्यात उपाशी ठेवू?"

"आपण इथे यायच्या आधी उन्हाळ्यात तिला कोण पाणी घालत होतं? तुझी आजी?"

"माझी आजी रेवदंड्याला होती."

"मग बघ!"

त्यानं मला काठावर नेलं. पाणी उतरून चिखलाची पट्टी उघडी पडली होती आणि तिच्यावर लांब तांबड्या पायांचे काळे-पांढरे पक्षी टकाटका चालत होते. मी ओळखले. शेकाटे! आमच्या खाजणात, मिठागरांत यायचे. इतक्या लांब आपल्या गावचं कोणी भेटावं तसं मला झालं. गिडी म्हणाला, यांची घरटी म्हणजे चिखलावर चार काड्या. पाण्याला लागून, पण पाण्याच्या जरासं वर. वसंतात पाणी उतरतं म्हणून ती जागा तयार होते. त्या दिवसांत पाणी परत चढलं तर घरटी बुडाली.

मला कळलं. डोक्याला कळलं. पण ज्याच्या घरी भाताचं खाचर होतं त्याला उघडा पडलेला, तडकणारा चिखल बघवत नाही. आमच्याकडे खाचरात तडा दिसला की घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. इथे मला तो तडा आपल्या हातानं पाडायचा होता.

गिडीनं आणखी एक नियम सांगून ठेवला होता. सण किंवा शब्बाथ आला की शेतांचे पंप थांबतात, झऱ्याचं पाणी सगळंच्या सगळं खाली येतं. म्हणून सणाच्या आधी एक फळी काढायची.

आता अबू नायेफ. दलदलीच्या वरच्या अंगाला एक अरब गाव आहे, तिथला हा माणूस. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. त्याच्या म्हशी पिढ्यानपिढ्या दलदलीत चरत आल्या होत्या. दलदल राखीव झाल्यावर त्याला काठानं चरायची परवानगी दिली गेली होती. म्हशी! ज्या दिवशी मी त्या दलदलीतल्या उंच बोरूच्या गवतातून डोकं वर काढताना बघितल्या, त्या दिवशी घरी जाऊन मिल्काला म्हणालो, "आज मला आपली माणसं भेटली." ती म्हणाली, "बेने इस्राएल? कुठले?" म्हटलं, "शिंगंवाले."

अबू नायेफचं आणि माझं हिब्रू सारखंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं. मी त्याला म्हशीला बोलवायचा आमचा आवाज काढून दाखवला. म्हशींनी मान वर केली नाही. तो म्हणाला, "ख़वाजा, त्या तुझ्याहून आधी इथे आल्यात. त्यांना हिंदी येत नाही." एकदा म्हैस व्याली तेव्हा त्यानं मला चीक दिला. त्यांच्याकडे त्याचं काही वेगळं करत असावेत. मिल्कानं तो बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंबई सोडल्यापासून चीक पाहिला नव्हता. साखर, वेलची घालून तिनं खरवस वाफवला. वड्या घेऊन मी अबू नायेफकडे गेलो. त्यानं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी बायकोसाठी रुमालात बांधली. "ही उम नायेफला दाखवतो. चाळीस वर्षं माझ्या म्हशींचं दूध वाया घालवत्येय म्हणावं."

त्या वर्षी शाबुओथ शुक्रवारी आला, लागून शब्बाथ. म्हणजे गुरुवारी दुपारनंतर थेट रविवारी सकाळी काम. गिडी राखीव फौजेच्या ड्यूटीवर गेला होता, तोही रविवारीच परतणार होता. आणि गुरुवारी वाळवंटाकडून गरम वारा सुटला. इथला तो वारा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. कपडे दोरीवर टाकता टाकता वाळतात, माणसाचं डोकं जड होतं. मी उघाडीवर उभा राहून बघत होतो. चिखलाच्या पट्टीवर शेकाट्या घरट्यांवर बसून चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. चिखलाला तडे पडत चालले होते.

फळी काढायची होती. मी खाचेला हात घातला आणि थांबलो. दोन दिवस मी नसणार. या वाऱ्यात दोन दिवस. कोणी बघायला नाही. आपण नसताना घर तहानलेलं राहू नये. मला खरोखर आईचा आवाज आला असं म्हणणार नाही, तसं काही झालं नाही. पण हात आपसूक फळ्यांच्या ढिगाकडे गेला. काढायच्या ऐवजी मी एक टाकली. मग वाऱ्याची झळ तोंडावर आली तशी आणखी एक.

तेवढ्यात मागून अबू नायेफ आला. हातात चिकाची बरणी. त्याला ठाऊक होतं की शाबुओथला आमच्याकडे दुधाचे पदार्थ करतात. सणासाठी मुद्दाम आणला होता.

"आज फळी घालतोस?" त्यानं विचारलं.

"हवा बघ ना. दोन दिवस मी नाही. तहान लागायला नको."

तो हसला. "ती काही म्हैस नाही, ख़वाजा, पोट भरून ठेवायला."

मीही हसलो. बरणी घेतली, सायकलला अडकवली आणि घरी गेलो. तो सण फार छान गेला. खरवस झाला होता. शेजारपाजारचे आले, मिल्कानं गाणी म्हटली. मी शब्बाथला झोपलोसुद्धा, दुपारी, गाढ.

रविवारी सकाळी लांबूनच पक्ष्यांचा कलकलाट ऐकू आला. गेलो तर चिखलाची पट्टीच नव्हती. पाणी बोरूच्या मुळांना लागलं होतं. शेकाट्या पाण्यावर घिरट्या घालत ओरडत होत्या, खाली येत, उतरायला जागा नाही म्हणून पुन्हा वर जात. काही अंडी काठाशी कचऱ्यात तरंगत होती. शेतांचे सगळे पंप थांबलेले. दोन दिवस झऱ्याचा थेंब न् थेंब इथे आला होता आणि माझ्या दोन फळ्यांमागे चढला होता. मी मेहनतीनं, प्रेमानं, हंडे भरून ठेवले होते.

मी फळ्या उपसल्या. टाकलेल्या दोन आणि नियमानं काढायची ती एक. पाणी धो धो उतरलं. फळ्या ढिगावर नीट रचून ठेवल्या. हे मी विचार करून केलं का, असं मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. नीट रचल्या एवढं मात्र खरं.

पाणी उतरलं, चिखल पुन्हा दिसला, आणि नेहमीच्या वेळी अबू नायेफच्या म्हशी नेहमीच्या वाटेनं खाली आल्या. ओला मऊ चिखल बघून त्या रोजच्यापेक्षा पुढे घुसल्या, लोळल्या. मी हाकललं नाही. मग गिडीची जीप आली.

त्यानं बघितलं ते असं: तुडवलेला काठ, खुरांचे खड्डे, खड्ड्यांत अंड्यांची टरफलं. मग तो अबू नायेफकडे वळला.

"मी तुझ्यासाठी भांडलो. कचेरीत सगळे म्हणत होते म्हशी नकोत. मी म्हटलं, हा माणूस सांभाळेल."

अबू नायेफ म्हणाला, "म्हशींनी नाही केलं. पाणी चढलं होतं. ती भिंत बघ. ओल कुठवर आहे ती बघ."

काँक्रीटवर ओली रेघ होती. पण ऊन चढलं होतं, वारा सुटलाच होता. आम्ही बघत असतानाच ती पुसट होत चालली होती. गिडीनं रेघेकडे बघितलं, मग ढिगाकडे, मग माझ्याकडे.

"शिमशोन, तू फळी टाकली होतीस?"

"लो," मी म्हणालो. हिब्रूत नाही म्हणायला एवढंच लागतं. "तू सांगितलं होतंस तसंच केलं. काढली होती."

अबू नायेफनं माझ्याकडे बघितलं. त्यानं मला फळी टाकताना पाहिलं होतं. त्याच वेळी त्याच्या हातची बरणी मी घेतली होती. तो आता बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तो बोलला नाही. काठी उचलली, म्हशींना आवाज दिला आणि चालू लागला. का बोलला नाही? त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार म्हणून? की आपल्या तोंडानं मी बोलावं म्हणून वाट बघितली आणि मी बोललो नाही म्हणून? मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मी का खोटं बोललो ते सांगतो. सबब म्हणून नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती, त्याच महिन्यात. मुलगी होणार होती. पुन्हा नेतिवोतची धूळ नको होती. आणखी एक कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो: पाणीवाल्यानंच घरटी बुडवली असं कळलं असतं तर साहेबांना निमित्त मिळालं असतं, दलदलीचा वाटाच बंद झाला असता. हे कारण खोटं नाही. पण ते मला दुपारी सुचलं. "लो" मी सकाळीच म्हटलं होतं.

अबू नायेफची परवानगी गेली. त्याच्याकडे दुसरी चराई नव्हती. महिन्याभरात त्यानं म्हशी विकल्या. मुलगा नायेफ हैफाला बांधकामावर जायला लागला. मी कायम झालो. मुलगी झाली, तिचं नाव ओर्ना. मिल्कानं एकदा विचारलं, "अहो, अबू नायेफ चीक नाही आणत हल्ली?" म्हटलं, "म्हशी विकल्या त्यानं." ती म्हणाली, "अरेरे, का?" मी म्हटलं, "परवडत नसतील."

मात्र त्या दिवसापासून पाणी सोडण्यात माझी चूक झाली नाही. हे मी थोड्या अभिमानानं लिहितो. गिडी सांगेल ते तर करतच होतो, पुढेपुढे तो मला विचारायला लागला. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर मी उघाडी मोकळी सोडायचो. ओढा गढूळ होऊन गरजत जायचा, वर्षभराचा गाळ समुद्रात नेऊन टाकायचा. मागून स्वच्छ वाळू उघडी पडायची आणि तिथे मासे अंडी घालायचे. वसंतात रोज बोटभर पाणी उतरवायचो. तडे बघायला शिकलो. तड्यांत किडे असतात, किड्यांसाठी पिल्लं येतात. बेडूकवाल्या रुमानियन बाई म्हाताऱ्या झाल्या आणि एका कोरड्या हिवाळ्यात येऊन म्हणाल्या, "बेडूक ऐकू येत नाहीत, मला झोप लागत नाही." आम्ही दोघं खूप हसलो. इंजिनिअर साहेब निवृत्त झाले आणि शनिवारी नातवंडांना घेऊन ओढ्यावर यायला लागले. वाया चाललेल्या पाण्यात नातवंडं पाय बुडवून बसत.

पण शेकाट्या घरटी करीनात. येत, बघत आणि जात. म्हशी गेल्यावर बोरू माजला होता. दरवर्षी थोडा आत सरकत सरकत त्यानं काठ गिळला, मग उघडं पाणी गिळलं. गिडीनं कापायला माणसं आणली, यंत्र आणलं. यंत्र चिखलात रुतलं आणि ते काढायला दुसरं यंत्र आणावं लागलं. कापलेला बोरू पावसाळा सरला की दुप्पट. मी पाणी अगदी बरोबर देत होतो, आणि ते बरोबर पाणी बोरू पीत होता.

एका संध्याकाळी आम्ही दोघं उघाडीवर बसलो होतो. गिडीचे केस पांढरे व्हायला लागलेले. तो आपणहून म्हणाला, "म्हशी होत्या तेव्हा हे नव्हतं."

मी म्हटलं, "नव्हतं."

"त्या बोरूचे कोंब खायच्या. तुडवून मोकळं ठेवायच्या. मी मूर्ख होतो." मग म्हणाला, "त्या वर्षी काय झालं असेल रे खरं? तो म्हातारा ओलीचं काहीतरी सांगत होता."

एवढं सोपं दार कोणी कोणाला उघडून देत नाही. मी म्हणालो, "फार वर्षं झाली, गिडी."

मग उत्तरेकडून म्हशी आणल्या गेल्या. राखीव जागेच्या मालकीच्या, कानात बिल्ले, भोवती कुंपण. दुसऱ्याच वसंतात काठ दिसायला लागला, तिसऱ्यात शेकाट्यांनी घरटी केली. ओर्ना आता मोठी आहे, सुटीला आली की माझ्याबरोबर येते. मी मराठीत बोलतो, ती हिब्रूत उत्तर देते. "अब्बा, तू या पक्ष्यांकडे असं का बघतोस, यांचं काही देणं लागतोस का?" असं तिनं गमतीनं विचारलं. मी म्हटलं, "गावचे आहेत." हेही खोटं नव्हतं.

तर मी समाधानी आहे. पाठ दुखते, मिल्काच्या गुडघ्यांची कुरकुर असते, पण सकाळी उघाडीवर उभा राहिलो की समोरचा ओढा वाहतोय, त्याला वास येत नाही, यात माझा हात आहे हे मला ठाऊक असतं. थोड्यांच्या नशिबी असं काम येतं.

गेल्या हिवाळ्यात अक्कोला दवाखान्यात डोळे तपासायला गेलो. बाकावर शेजारी एक म्हातारा बसला होता, दोन्ही हात काठीवर. आधी त्यानंच मला ओळखलं, मी नर्सशी बोलत असताना, आवाजावरून. त्याला दिसत फार कमी होतं.

"हिंदी!" भारतातून आलेल्याला इथे असंच म्हणतात. "पाणी कसं आहे?"

"चांगलं आहे, अबू नायेफ."

"म्हशी आणल्या म्हणे."

"आणल्या."

"चांगल्या आहेत? पोटं मोठी आहेत?"

"तुझ्या होत्या तशा नाहीत."

तो खूश झाला. उम नायेफ गेली, म्हणाला. जाईपर्यंत त्या गोड वडीचं नाव विचारायची. मी म्हटलं, "खरवस." त्यानं दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाही. मग काठीवरचा एक हात उचलून त्यानं माझा हात चाचपला, धरला.

"अजून सणाच्या आधी फळी काढतोस ना?"

"काढतो," मी म्हणालो.

"बरं करतोस."

नर्सनं त्याचं नाव पुकारलं. नायेफ आला, तोही आता पोक्त झालेला, आणि त्याला धरून आत घेऊन गेला. मी बसून राहिलो. माझा नंबर येऊन गेला तरी बसून होतो.

हा मजकूर तुम्ही वाचाल. गिडी वाचणार नाही, अबू नायेफ वाचू शकणार नाही, ओर्नालाही मराठी अक्षर लागत नाही. म्हणजे मिल्का सोडली तर ज्यांना सांगायला हवं त्या कोणाच्या हाती हा कागद पडणार नाही, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं, आणि कदाचित म्हणूनच हात चालला. तेव्हा या लिहिण्यानं मी मोकळा झालो असं कोणी समजू नये.

गिडीला घेऊन अबू नायेफच्या अंगणात जायचं आणि दोघांच्या समोर, दोघांना कळेल अशा भाषेत म्हणायचं: म्हशींनी नाही, फळी मी टाकली होती. एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.